हिरवं लुगडं आणि राष्ट्रपतींचा हुकूम

उत्तरेचा वारा सुटला की सातपाटीच्या बाया खूश असतात. बोंबील झटकन वाळतो, वास धरत नाही, आणि व्यापाऱ्याला नाक मुरडायला निमित्त मिळत नाही. त्या दिवशी वारा चांगला होता. मार्गशीर्षातली सकाळ, आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं, वाळू पायाला गार. जमना वलांडीपाशी उभी होती. वलांडी म्हणजे बांबूंची उंच चौकट, तिला आडवे दोर. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, आणि जोडी दोरावर टाकायची. हे काम डोळे मिटूनही होतं. तोंड मोकळं राहतं, म्हणून वलांडीवर बायांच्या गप्पांना ऊत येतो. जमनाचं तोंड मात्र दसऱ्याच्या आधीपासून बंद होतं.

बोंबीलही तिचे नव्हते. तिची होडी खाडीत चिखलात रुतून पडली होती, खलाशी दुसऱ्यांच्या होड्यांवर पांगले होते, आणि ती शेजारणीच्या, ठकीच्या वलांडीवर हात चालवत होती. तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, बायको दुसरीचे बोंबील टांगते, हे गावानं पाहिलं, आणि पाहिलंसं दाखवलं नाही. ठकीनं मात्र दाखवलं.

"काय गो जमने, शिग्नलनं दूध पिलं कं नाय सकाळी?"

शिग्नल म्हणजे जमनाचा नातू, तिच्या लेकीचा, शकूचा पोरगा. अजून पाळण्यातच होता, नीट हसायलाही शिकला नव्हता, पण गावानं त्याचं नाव ठेवून टाकलं होतं.

"पिलं," जमना म्हणाली.

"राग मानू नको गो. हसावं तरी किती दिस नाय?"

"हस तू. तुजा दादला घरात हाय."

ठकीचा हात दोरावर थबकला. मग दोघी बोंबील टांगत राहिल्या.

जमनाचा नवरा घरात नव्हता. महादू तांडेल ठाण्याच्या जेलात होता, आणि त्याच्यावर खटला नव्हता, फिर्याद नव्हती, तारीख नव्हती. जामीन मागायचा तर कशावर मागायचा हेसुद्धा कुणाला सांगता येत नव्हतं.

झालं होतं ते असं. जमनाच्या सासरी एक रीत होती. घरातली बाई बाळंत झाली आणि पुरुषमाणूस समुद्रात असला, तर घरामागं वाळूत रोवलेल्या जुन्या डोलकाठीवर त्या बाळंतिणीचं लुगडं चढवायचं. मुलगा झाला तरी तेच, मुलगी झाली तरी तेच. बाई जगली, एवढंच समुद्रात कळवायचं. आणि ज्यानं ते पाहिलं त्यानं होडीवर हाताशी असेल ते फडकं लावायचं, म्हणजे घरच्यांना कळतं की त्याला कळलं. शकूच्या वेळी जमना बाजेवर पडलेली असताना सासूनं तिचं लुगडं चढवलं होतं, आणि त्यानंतरच जमनाला पेज दिली होती.

यंदा भाद्रपदात शकू माहेरी बाळंत झाली. दोन दिवस अडली होती. सुटली तेव्हा जमनानं कुणाला काही विचारलं नाही, शकूचं हिरवं लुगडं उचललं आणि काठीवर चढवलं. महादू समुद्रात होता. त्यानं पाहिलं. पहिलं नातवंड. त्यानं डोक्याचा रुमाल सोडून होडीच्या काठीला बांधला, आणि त्याचं पाहून होडीवरच्या सगळ्या खलाश्यांनी आपापले रुमाल बांधले. लाल, चौकड्यांचे, विटके, सगळे. काठी लग्नाच्या मांडवासारखी दिसत होती म्हणे.

पण ते पासष्ट सालचे, पाकिस्तानशी लढाईचे दिवस होते. द्वारकेवर तोफा डागल्या गेल्या होत्या, किनाऱ्यावर दिवे लावायला बंदी होती, आणि उत्तरेला तारापूरला अणुभट्टीचं काम चाललं होतं, तिथल्या लोखंड उचलायच्या याऱ्या सातपाटीच्या समुद्रातून दिसायच्या. कुणीतरी किनाऱ्यावरचं लुगडं पाहिलं, समुद्रातले रुमाल पाहिले, आणि जाऊन सांगितलं. कोणी सांगितलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सांगणारा वाईटच असेल असंही नाही. त्या दिवसांत लोक घारीकडेही विमान म्हणून बघायचे.

संध्याकाळी होडी बंदरात आली तेव्हा फौजदार उभाच होता. त्यानं महादूला होडीतून उतरवला, घरी आणला, आणि काठीकडं बोट करून विचारलं, "हे कुणी लावलं?"

जमनानं तोंड उघडलं. पण महादू आधी बोलला.

"मी."

इथं जो घोटाळा झाला तो कोळीवाड्याबाहेरच्या माणसाला समजायचा नाही. होडीवर काहीही चुकलं, खलाश्यानं दुसऱ्याचं जाळं कापलं, कुणाची मासळी ओढली, की जमातीसमोर तांडेल उभा राहतो आणि म्हणतो, "मी." कुणी केलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. जमातीलाही ठाऊक असतं. पण होडीचा गुन्हा तांडेलाचा, घराचाही तांडेलाचा. तो 'मी' म्हणाला की जमात त्याला चार शब्द सुनावते, नारळ-साखर ठेवायला लावते, आणि विषय तिथंच मिटतो. तांडेलाच्या 'मी'वर कुणी पुढं विचारत नाही. महादूनं बापाला असं उभं राहिलेलं पाहिलं होतं, आणि स्वतःही दोनदा उभा राहिला होता. त्याला वाटलं, फौजदारही चार शब्द सुनावेल.

फौजदारानं ते लिहून घेतलं.

जमना गप्प बसली. परक्या माणसासमोर तांडेलाचा शब्द बायकोनं खोडायचा नसतो. खलाशी मागं उभे होते, दोघेतिघे हसलेसुद्धा. तांडेल समुद्रात नि लुगडं लावतोय किनाऱ्यावर! त्यांना ती गंमत वाटली.

लढाई थांबली. गावात साखर वाटली गेली. आणि साखर तोंडात असतानाच पोलीस आले, भारत संरक्षण कायद्याचा कागद दाखवला आणि महादूला घेऊन गेले. शकूचा नवरा एकनाथ, पल्याडच्या मुरब्याचा, तारापूरच्या कामावर लोखंड बांधायला जायचा. त्याच्या ठेकेदारानं त्याला दुसऱ्याच दिवशी घरी बसवला. सासरा आत, म्हणून जावई बाहेर. शकूला सासरी न्यायचं बोलणं निघेना. सगळं घर त्या एका 'मी'त अडकून पडलं होतं, आणि जमनाला रोज वाटायचं, त्या वेळी आपण बोललो असतो तर?

तर त्या सकाळी वलांडीवर एकनाथ आला. पालघरहून आला होता, एसटीच्या धुळीनं माखलेला.

"मामी, गुपत्या वकिलानं बोलावलंय. आजच."

"सुटतात कं काय?"

"तसं नाय म्हनला. सरकारचं उत्तर आलंय म्हनला."

जमनानं हात वाळूत घासले, पदराला पुसले आणि निघाली.

कृष्णकांत गुप्ते पालघरच्या कोर्टात वकिली करायचे. जमना वर्षानुवर्षं त्यांच्या दारात पाटी उतरवत आली होती. गुप्ते मासळीचे मोठे दर्दी. पापलेटाचा कल्ला उचलून बघायचे, आणि "काय गं जमना, हे काल मेलंय की परवा?" म्हणून तिला चिडवायचे. ती म्हणायची, "वकीलसाब, तुमच्या खटल्यापरीस ताजं हाय." महादूला नेल्यावर ती दुसऱ्या कुणाकडं गेली नाही, ह्याच दारात येऊन बसली. गुप्त्यांनी मुंबईच्या एका वकिलाला धरून हायकोर्टात अर्ज लावला होता.

आज गुप्ते म्हणाले, "या जमनाबाई. बसा."

'बाई' आणि 'बसा' ऐकून ती पायरीवरच थांबली. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. ती ओटीच्या कडेला टेकली.

"जिल्ह्याच्या साहेबांनी शपथेवर लिहून दिलंय," गुप्ते म्हणाले, "की महादूनं किनाऱ्यावर उभं राहून समुद्रातल्या जहाजाला कपड्यानं खुणा केल्या. आणि फौजदारापुढं ते कबूल केलं."

"कबूल केलं म्हंजे? तो 'मी' म्हनला. तांडेल हाय तो. दुसरं काय म्हननार?"

"ते मला कळतं. साहेबांना कसं कळणार?"

"इचारायचं."

"ह्या कायद्यात विचारावं लागत नाही. साहेबाची खात्री पटली की झालं."

"मंग कोर्टानं इचारावं. कोर्ट कशाला बांधलंय येवढं?"

गुप्त्यांनी चष्मा काढला. "तिथंच गोम आहे, जमनाबाई. चीनची लढाई झाली ना बासष्ट साली, तेव्हा राष्ट्रपतींनी हुकूम काढला. ह्या कायद्याखाली ज्याला धरलं, त्यानं 'माझं स्वातंत्र्य मला द्या' म्हणून कोर्टात यायचं नाही. आणीबाणी आहे तोवर ते दार बंद."

"राष्ट्रपती कोन? त्याला म्हाईत हाय का आमचा माणूस?"

"त्यांना कुणीच माहीत नसतं. हुकूम सगळ्या देशासाठी असतो."

"म्हंजे ज्याला म्हाईत नाय त्यानं दार लावलं, नि ज्याला म्हाईत नाय त्यानं आत टाकला." जमना उठायला लागली. "मंग मी जाते. बोंबील पडलेत."

"बसा हो! सगळं ऐका तरी." गुप्ते पुढं सरकले. "दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं एक गोष्ट सांगून ठेवलीय. राष्ट्रपतींनी दार लावलं ते एका प्रश्नाला. पण सही करणाऱ्या साहेबाला कायद्यानं जेवढी मुभा दिली, तेवढ्यातच तो वागला का? की समोर आलं त्यावर डोळे मिटून सही केली? हे बघायला कोर्टाला मनाई नाही. परवाच एक माणूस आत होता, त्यानं लिहिलेलं पुस्तक जेलवाले बाहेर जाऊ देईनात. कोर्टानं जाऊ द्यायला लावलं. माणूस आतच राहिला, पुस्तक बाहेर गेलं."

"माणूस आतच?"

"हो, आतच. मी खोटं सांगणार नाही. फट लहान आहे."

जमना विचार करत राहिली. जाळं विणायला दिलं, तर आस, म्हणजे जाळ्याचं भोक, किती बोटांची ठेवायची ते मालक सांगतो. विणणाऱ्यानं बारीक आस ठेवली आणि नको ती पिल्लं अडकली, तर जाळं मालकाचं असलं तरी बोल विणणाऱ्याला लागतो. असंच काहीतरी वकील सांगत असावा.

"आता तुम्ही काय करायचं ते सांगतो," गुप्ते म्हणाले. "लुगडं तुम्ही लावलंत. त्या वेळी तुमचा नवरा समुद्रात होता. एवढं शपथेवर सांगायचं. अंगठा द्यायचा."

जमनानं हात पदराखाली घेतला.

"आनि मंग मला धरलं तर?"

गुप्ते कागद चाळू लागले.

"धरू शकतात कं नाय?"

"शकतात."

"नि होडीवरचे रुमाल? ते तर त्यांनी लावले व्हते. ते इचारलं तर?"

"विचारलं तर खरं सांगायचं. पण साहेबांच्या हुकुमात ते नाही. हुकुमात नाही ते आपण होऊन कशाला काढायचं?"

"शकूला दूध पुरत नाय. पोर लहान हाय. जावई बसलाय घरी. मला नेलं तर चूल कोन पेटवील, तुमी येनार?"

गुप्त्यांची बायको दारातून ऐकत होती. ती आत गेली आणि चहा घेऊन आली. जमनानं चहा घेतला, अंगठा दिला नाही.

"आधी त्यांना इचारते," ती म्हणाली. "तांडेलाला न इचारता तांडेलाचा शब्द कसा मोडू?"

ठाण्याच्या जेलात भेटीला तिला जाळीच्या अलीकडं उभं केलं. पलीकडं महादू. मध्ये खुर्ची टाकून एक पोलीस, कान दोघांकडं आणि डोळे भिंतीकडं. महादू गोरा दिसत होता. जमनाला ते बघवेना. तिच्या नवऱ्याचा रंग उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं केलेला होता, आणि तो उतरला होता.

"पोर कसा हाय?"

"वाढतोय. मूठ सोडत नाय, बोट दिलं की धरून ठेवतो."

"व्हडी?"

"खाडीत हाय."

"पानी मारतंय कं कोन लाकडाला? उन्हात राहिली तर सांधे उकलतील."

"एकनाथ मारतो," ती खोटं बोलली.

मग महादू जाळीला चिकटला आणि हळूच म्हणाला, "आता वारा कुठचा गो?"

तिला आधी कळलंच नाही.

"हितं भिंती उंच. वारा वरच्या वर जातो. झाड नाय, फडकं नाय. कुठनं येतो ते कळतच नाय. लोकांना इचारलं तर हसतात."

"उत्तरेचा हाय," जमना म्हणाली. "चांगला सुटलाय."

"उत्तरेचा." तो डोळे मिटून उभा राहिला. आयुष्यात ह्या माणसानं वाऱ्याचं कुणाला विचारलं नव्हतं. गाव त्याला विचारायचं.

तिनं वकिलाचं सांगितलं. महादूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही.

"तू काय बोलायचं नाय."

"नाय बोलले तर तुमी हितंच."

"लढाई थांबली. सोडतील."

"लढाई थांबल्यावरच नेलं तुमाला."

"आनि तू बोललीस तर काय व्हईल? मी खोटा. शपथेवर खोटा. जमातीत म्हनतील, महादूचा 'मी' बायकोनं मुंबईला जाऊन खोडला. मंग भर समुद्रात मी 'जाळं ओढा' म्हटलं तर खलाशी ओढतील? म्हनतील, खरं कं खोटं, आधी बायकोला इचार."

"मला धरतील म्हनून भेताव काय?"

तो जाळीवर बोटं फिरवत राहिला, जाळ्याची फाटकी आस शोधावी तशी. त्याच्या 'मी'त तेही होतं, हे तिला त्या दिवशीही कळलं होतं. फौजदारानं विचारलं तेव्हा बाळंतीण आत होती, आणि दुसरी बाई घरात जमनाच होती.

"टाइम झाला," पोलीस म्हणाला. मग जमनाकडं न बघता हळूच म्हणाला, "उत्तरेचाच आहे वारा. मी सांगत जाईन त्याला."

पालघरला गाडीतून उतरून ती घरी गेली नाही. गुप्त्यांच्या ओटीवर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लावा शाई."

गुप्त्यांनी कागद वाचून दाखवला. ती मध्येच म्हणाली, "'कपडा' नाय. 'लुगडं' लिवा. शकूचं, हिरवं. कपडा म्हटलं की कशाचापन व्हतो." त्यांनी तसं करून घेतलं. मग तिनं अंगठा दिला, आणि शाई पदराला न पुसता तशीच ठेवून सातपाटीला आली.

त्या दिवसापासून गल्लीत बूट वाजले की तिच्या हातातलं काम थांबायचं. पोस्टमन आला तरी थांबायचं. शकूला तिनं चुलीपाशी काय कुठं ठेवलंय ते सगळं दाखवून ठेवलं. मिठाचं मडकं, सुक्या मासळीची कणगी, पोराला पडसं झालं तर द्यायचा ओवा. शकू म्हणाली, "आये, मला म्हाईत हाय सगळं." जमना म्हणाली, "तरी बघून ठेव." एकदा खाकी कपड्यातला माणूस दारात आला, तेव्हा ती न सांगता पायात चपला घालून उभी राहिली. तो मलेरियाची फवारणी करायला आलेला होता.

पौष सरता सरता मुंबईच्या हायकोर्टात सुनावणी झाली. एवढा उंच दगडी जिना जमनानं पाहिला नव्हता. गुप्त्यांनी तिला मागच्या बाकावर बसवलं. वर दोन न्यायाधीश, खाली काळे डगले. सगळं इंग्रजीत. गुप्ते तिच्या कानाशी लागून मराठीत सांगत होते.

सरकारचा वकील उंच होता, आवाज गोड. "तो म्हणतोय," गुप्ते पुटपुटले, "राष्ट्रपतींचा हुकूम आहे, तेव्हा ह्या माणसाचा अर्ज कोर्टानं ऐकायचाच नाही."

डावीकडचा न्यायाधीश म्हातारा होता. तो काहीतरी बोलला, आणि काळे डगले हसले.

"काय म्हनला?"

"म्हणाला, हुकूम आम्हाला मान्य आहे. पण समोर ठेवलेला कागद वाचायलाही राष्ट्रपतींनी मनाई केलीय काय?"

मग मुंबईचा वकील उठला. त्यानं साहेबांचं शपथपत्र वाचलं: सकाळी हा माणूस किनाऱ्यावर उभा राहून खुणा करत होता. मग फौजदाराचा जबाब वाचला: त्याच दिवशी संध्याकाळी ह्या माणसाची होडी समुद्रातून बंदरात आली, तेव्हा त्याला होडीतून उतरवून घेतलं. आणि जमनाचं वाचलं: लुगडं मी लावलं, तो समुद्रात होता. तिचं नाव त्या इंग्रजीत मध्येच ऐकू आलं तेव्हा तिनं बाकाची कड घट्ट धरली. आता सगळे वळून बघतील असं तिला वाटलं. कुणी बघितलं नाही.

"म्हातारा विचारतोय," गुप्ते म्हणाले, "साहेबांनी दोन्ही कागद वाचले होते काय? वाचले असते तर एवढं तरी विचारलं असतं, की होडी निघाली कधी?"

सरकारचा वकील गडबडला नाही. तो बोलत होता तसे गुप्ते मात्र गडबडले. जमनानं त्यांचा हात हलवला.

"तो म्हणतोय, किनाऱ्यावरून नसेल तर होडीवरून खुणा केल्या असतील. होडीवरही फडकी होती म्हणतात."

रुमाल. ते निघालंच. आता तिला उभं करतील, आता विचारतील, आणि विचारलं तर खरं सांगायचं असं ठरलं होतं. तिच्या डोळ्यांपुढं ती लग्नाच्या मांडवासारखी काठी आली. ती उभी राहायलाच निघाली होती. गुप्त्यांनी तिचा पदर ओढून खाली बसवलं.

दुसरा न्यायाधीश, आतापर्यंत गप्प होता तो, बोलला. सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. गुप्ते ऐकत राहिले, आणि त्यांच्या खांद्यांतला ताठा हळूहळू गेला.

"काय? अवो काय?"

"म्हणाला, केल्या असतील. नसतीलही. आम्हाला ते ठरवायचंच नाही. पण साहेबांनी तसं लिहिलेलं नाही. ज्या गोष्टीवर खात्री पटली म्हणून माणूस आत टाकला, ती गोष्ट घडूच शकत नव्हती. आता दुसरी गोष्ट शोधून त्या हुकुमाखाली लावता यायची नाही."

निकाल त्याच बैठकीत झाला. महादूला सोडा.

बाहेर व्हरांड्यात मुंबईचा वकील गुप्त्यांचा हात हातात घेऊन हलवत होता. जमना खांबाला टेकून उभी होती.

"म्हंजे राष्ट्रपती हारला?" तिनं विचारलं.

"छे! राष्ट्रपतींचा हुकूम आहे तिथंच आहे," गुप्ते म्हणाले. "हा एक कागद तेवढा रद्द झाला."

"नवा कागद करतील?"

"करू शकतात."

"माज्या नावाचा?"

"तोही." मग ते घाईनं म्हणाले, "पण आता दोनदा वाचून सही करतील, जमनाबाई. ते कमी नाही."

महादू आला तो एकनाथबरोबर, भर दुपारी. गावात शिरण्याआधी बंदरावर गेला, तोंड वर करून थोडा वेळ उभा राहिला, आणि मग घरी आला. ठकीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ओरडली, "आला गो, राष्ट्रपतीचा पाव्हना आला!" लोक हसले. महादूही हसला. शकूनं पोराला त्याच्या मांडीवर दिलं. पोरानं त्याचं बोट धरलं आणि सोडीना.

माणसं पांगल्यावर महादूनं विचारलं, "काय सांगितलंस तिथं?"

"लुगडं मी लावलं, असं."

"आनि मी?"

"तुमी समुद्रात."

"खरं तेच सांगितलंस." तो पोराच्या मुठीकडं बघत होता. "मी नको म्हटलं व्हतं."

"म्हटलं व्हतं."

तो रागावला होता की नाही, तिला कळेना. त्यालाही कळत नसावं.

मग बन्सी आला. बन्सी त्याच्या होडीवरचा सगळ्यात जुना खलाशी, हल्ली दुसऱ्याच्या होडीवर जाणारा. उंबऱ्यात बसला, बिडी पेटवली.

"बरा हायस ना, म्हादूदादा?"

जमना चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही, पण ऐकलं. बन्सीनं आजवर महादूला 'तांडेल' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. बारशाला नाही, मयताला नाही, दारू पिऊन भांडला तेव्हासुद्धा नाही.

"बरा हाय," महादू म्हणाला. त्यानंही ऐकलं होतं. "व्हडी बघितलीस?"

"सांधे उकललेत. चिखलातनं काढायला लागंल आधी."

"काढू. उद्या येशील?"

"बघतो. तिकडच्या तांडेलाला इचारतो." बिडी संपेपर्यंत बन्सी बसला. जेलात खायला काय द्यायचे ते विचारलं, सरंग्याचा हंगाम कसा गेला ते सांगितलं, आणि उठून गेला.

महादूनं पोराला शकूकडं दिलं. बाहेर वारा होता, दार हलत होतं. मग म्हणाला, "तो कोर्टातला, म्हातारा. त्यानं काय म्हटलं मला? खोटा म्हटलं?"

"तुमाला कायच म्हटलं नाय. साहेबानं वाचलं नाय, येवढंच म्हटलं."

"माजं नावच नाय काढलं?"

"नाव काढलं. पन तुमच्याबद्दल काय नाय म्हटलं."

"म्हंजे मी खरा कं खोटा, कायच नाय."

"कायच नाय."

"आनि परत धरायचं म्हटलं तर?"

"धरतील. नवा कागद आनतील." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुमचा नाय तर माजा."

"मंग सुटलो कसला?"

तिनं भाकरी काढली, त्याच्यापुढं ठेवली, वर बोंबलाचं कालवण वाढलं. तो जेवायला लागला. दोन घास खाऊन थांबला, परत जेवायला लागला. गल्लीत कुणाचे तरी बूट वाजले. दोघंही थांबले. बूट पुढं निघून गेले.

पाणी चढायला लागलं होतं. भरती भरली की खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, त्याआधी भरून घ्यावं लागतं. जमनानं रिकामी घागर उचलली, चुंबळ डोक्यावर ठेवली, शकूला म्हणाली, "बाबाला आनिक भाकरी पायजे कं बघ," आणि विहिरीकडं निघाली. तिथं बायांची रांग लागली होती. ती मागं जाऊन उभी राहिली.